काटेरी मोल्डावाइट आणि लोखंडी उल्कापाषाण एकाच शोकेसमध्ये ठेवावेत का? (पावसाळ्याचा प्रश्न)

समुद्रकाठ | २१ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहिल्याशिवाय राहवेना. मी रत्नागिरीचा. घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. गेल्या आठ वर्षांत पैसे साठवत एकेक करून अकरा नग जमवले. सहा टेक्टाइट, पाच उल्कापाषाण. ज्यांना टेक्टाइट हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठा उल्कापाषाण जमिनीवर आदळतो तेव्हा इथलीच माती, इथलाच खडक वितळून वर उडतो आणि थंड होत होत शेकडो किलोमीटर दूर काच होऊन पडतो. ती काच म्हणजे टेक्टाइट. उल्कापाषाण आकाशातून आलेला, टेक्टाइट मात्र पृथ्वीचाच.

दोन वर्षांपूर्वी सुताराकडून भिंतीवरचं शोकेस करून घेतलं. प्लायवर सनमायका, पुढे सरकत्या काचा, वर दोन हॅलोजन दिवे. सगळे अकरा नग त्यातच.

या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे काम्पो देल सिएलो या अर्जेंटिनातल्या लोखंडी उल्कापाषाणाच्या चकतीला (१८६ ग्रॅम, आम्लाने नक्षी उठवलेली) कडेने नारिंगी थेंब आले. पुसले की दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. जणू दगडाला घाम फुटतोय. खाली सनमायकावर तपकिरी डाग पडलाय.

दुसरी गोष्ट लिहितानाही हात जड होतोय. चेक देशातल्या बेसेद्निचेचा काटेरी मोल्डावाइट (हिरवा टेक्टाइट), चार ग्रॅमचा, माझ्या संग्रहातला सगळ्यात लाडका. तो मी कापसावर ठेवला होता, मऊ बिछाना म्हणून. परवा बघायला उचलला तर कापसाचा धागा एका काट्यात अडकलेला, आणि धाग्याबरोबर काट्याचं टोक निघून आलं. तांदळाच्या कणीएवढं. पण जवळजवळ दीड कोटी वर्षं टिकलेल्या काचेचं टोक माझ्या हातून मोडलं.

आता विचारायचं ते असं. गंज थांबवायला काय करू? टोक चिकटवू का? आणि शोकेस नव्याने करायचं झालं तर कसं करावं? काटकसर करावी लागेल, पण जे करायचं ते नीट करायचं आहे.

---

ठाणेकर_३ | २१ जून, रात्री ११:०२

वाईट वाटलं वाचून. माझा मोबाईल पाण्यात पडला होता तेव्हा तांदळात ठेवला होता. शोकेसमध्ये वाटीभर तांदूळ ठेवून बघा. किंवा दुकानात कपाटात टांगायच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या मिळतात, त्या लावा. आमच्याकडे कपड्यांच्या कपाटात असतात, तळाला भरपूर पाणी जमतं.

---

जतनकर्ती | २२ जून, सकाळी ७:४०

समुद्रकाठ, काल रात्री वाचलं आणि सकाळी उठून पहिलं हे लिहायला बसले. मी संग्रहालयात धातू आणि काचेच्या जतनाचं काम अनेक वर्षं केलं, आता निवृत्त आहे.

आधी ठाणेकर यांच्या सूचनेबद्दल, कारण ती पिशवी कुणी आजच लावली तर नुकसान होईल. त्या टांगत्या पिशव्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. तळाला जमतं ते साधं पाणी नव्हे, क्षाराचं तीव्र द्रावण असतं. ते सांडलं किंवा त्याचा थेंब जरी उडाला, तर लोखंडाला जे नको तेच आपण हाताने दिलं असं होईल. आणि तांदूळ पावसाळ्यात हवेतला ओलावा घेऊन स्वतःच ओलसर झालेला असतो. तो शोकेस कोरडं करणार नाही, वर त्याचं पीठ सांडेल आणि पोरकिडे होतील.

आता तुमच्या काम्पोबद्दल. तो घाम म्हणजे क्लोराइडचं काम आहे. पूर्वी समज होता की उल्कापाषाणात लॉरेन्साइट नावाचं क्लोराइड आकाशातूनच येतं. १९८९ साली बुखवाल्ड आणि क्लार्क यांनी अंटार्क्टिकाच्या उल्कापाषाणांवर काम करून दाखवलं की क्लोरीन इथलंच असतं. बाहेरच्या पाण्यातून ते भेगांत शिरतं आणि अकागानाइट नावाच्या गंजाच्या खनिजात दडून बसतं. ओलावा मिळाला की सुटतं, लोखंड खातं, गंज झाला की पुन्हा मोकळं होतं आणि पुढचं लोखंड धरतं. क्लोराइड संपत नाही, म्हणून नुसतं पुसून उपयोग नाही.

तुमच्याकडे सिखोते-अलिन, म्हणजे रशियात पडलेला लोखंडी उल्कापाषाण, आहे का? असेल तर तो बहुधा बरा असेल. तो १९४७च्या १२ फेब्रुवारीला पडला, थोड्याच वर्षांत बराचसा उचललाही गेला. काम्पो मात्र अर्जेंटिनाच्या मातीत चार हजार वर्षांच्या आसपास पडून होता. एवढा काळ जमिनीतलं पाणी प्यायलेलं लोखंड आणि नुकतं पडलेलं लोखंड, दोघांची प्रकृती सारखी कशी असेल?

नक्षी उठवलेली चकती असेल तर आणखी एक शंका. काही जण नक्षीसाठी फेरिक क्लोराइड वापरतात. ते नीट धुतलं नाही तर क्लोराइड आतच राहतं.

तुमच्या शोकेसमधली तिसरी गोष्ट म्हणजे प्लाय. प्लाय, एमडीएफ आणि बरीचशी लाकडं वर्षानुवर्षं अ‍ॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सोडतात. सनमायकाने ती थोडी अडते, पण कडा आणि भोकं उघडी असतात. बंद कपाटात ही वाफ साचते आणि धातू खाते. रबर, लोकरी फेल्ट, पीव्हीसीची पिशवी, कुशनचा साधा पिवळा फोम, हेसुद्धा नकोत. काच, अ‍ॅल्युमिनियम, अ‍ॅक्रिलिक, पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन चालतात.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. दोघांना एका कपाटात ठेवू नका. मोल्डावाइटमध्ये सिलिका ८० टक्क्यांच्या आसपास असते, पाणी जवळजवळ नसतंच. पावसाळ्याच्या दमट हवेचं त्याला काही सोयरसुतक नाही. त्याला भीती धक्क्याची, धाग्याची आणि एकदम तापण्याची. लोखंडाला भीती हवेची. एकाला उजेड आणि स्थैर्य लागतं, दुसऱ्याला हवाबंद कोरडेपणा.

आणि ते टोक. चिकटवू नका, निदान आत्ता तरी नको. सुपरग्लू तर अजिबात नको, तो काचेच्या सांध्यात पांढुरका होतो आणि काढताना आणखी मोडतोड होते. आम्ही पॅरालॉइड बी-७२ नावाचं चिकटद्रव्य वापरतो, अ‍ॅसिटोनने ते परत निघतं. पण कणीएवढं टोक बसवताना हात जरा हलला तर शेजारचे काटे जातील. मी तुमच्या जागी असते तर ते टोक छोट्या काचेच्या कुपीत ठेवलं असतं, कुपीवर तारीख आणि कोणत्या काट्याचं ते लिहिलं असतं, आणि कुपी त्याच डबीत ठेवली असती. तो तुकडा अजून त्या नगाचाच भाग आहे.

---

समुद्रकाठ | २२ जून, सकाळी ९:१०

ताई, काय बोलू. टोक कचऱ्यात गेलं नव्हतं, बशीत झाकून ठेवलं होतं. आता कुपीत गेलं.

सिखोते-अलिन आहे, ६० ग्रॅमचा, आणि तो खरंच ठणठणीत आहे. मी समजत होतो की त्याची जागा वरच्या कप्प्यात आहे म्हणून. काम्पो विकत घेतला तेव्हा मी एवढंच विचारलं होतं की खरा आहे का. त्याची नक्षी कशाने उठवली हे विचारायला हवं होतं.

---

नदीकाठचा_गोटा | २२ जून, दुपारी १:२५

पुण्यातून. इथे कोकणाएवढा दमटपणा नाही, तरी जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या एका कोंड्राइट चकतीवर ठिपके आले होते. साध्या दगडी उल्कापाषाणातही लोखंड-निकेलचे कण असतात, हे लोक विसरतात. तेव्हापासून मी जे करत आलोय ते लिहितो.

कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागू नये म्हणून फोटोग्राफर लोक विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट वापरतात. काचेचं दार, आत एलईडी, बाहेर आकडा दिसतो. चांगलं असेल तर आतली आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांवर राहते. निरोगी उल्कापाषाणाला तेवढी पुरते. पण ज्याला आधीच घाम फुटलाय त्याला नाही पुरत. आणि रत्नागिरीत वीज किती वेळ जाते तेही बघा.

स्वस्तातला मार्ग म्हणजे अ‍ॅक्रिलिकची पेटी आणि सिलिका जेल. पेटी ज्याच्याकडून कराल त्याला एक गोष्ट ठासून सांगा. माशांच्या टाकीवाले जो सिलिकॉन वापरतात त्याला व्हिनेगरचा वास येतो. तो वास म्हणजेच अ‍ॅसिटिक आम्ल. न्यूट्रल प्रकारचा सिलिकॉन मिळतो, तोच वापरायला सांगा. मी पहिल्या वेळी हे केलं नाही आणि आठवडाभर कपाटाला लोणच्याच्या बरणीसारखा वास येत होता. नशिबाने आत काही ठेवलं नव्हतं.

सिलिका जेल किती लागेल? पेटीच्या दर घनमीटरला वीस किलो असा ढोबळ हिशेब संग्रहालयांत करतात. ४० × २५ × १२ सेंटिमीटरची पेटी म्हणजे १२ लिटर, म्हणजे पाव किलोला थोडं कमी. कोकणात मी दुप्पट ठेवलं असतं, कारण आपली पेटी संग्रहालयाच्या पेटीइतकी घट्ट बसत नाही.

पांढरं जेल रसायनांच्या दुकानात सुटं मिळतं. ओलं झालं हे कळायला त्यात थोडे नारिंगी मणी वेगळ्या जाळीत ठेवा, ओलावा घेतला की त्यांचा रंग बदलतो. निळे मणी घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला वाईट. ओलं झालेलं जेल १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. त्यासाठी जुना ओटीजी वेगळा ठेवा, ज्यात केक भाजता तो नको.

आता मीटर. स्वस्तातले डिजिटल आर्द्रतामापक चार-पाच टक्क्यांनी सहज चुकतात. तपासायची घरगुती रीत अशी: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर ७९ दाखवत असेल तर चार वजा करायचे हे कळलं. मिठाचं झाकण नंतर उल्कापाषाणांपासून लांब ठेवा, हे सांगायला नकोच.

---

नवशिकी | २२ जून, दुपारी ३:००

मी फक्त टेक्टाइट जमवते, तीन आहेत. एक थेंबाच्या आकाराचा इंडोचायनाइट (आग्नेय आशियातला टेक्टाइट), शेपटी बारीक आहे. घरात पाच वर्षांचा मुलगा आणि धूळ पुसायला येणाऱ्या मावशी. उघड्या फळीवर ठेवावं की नाही? आणि उन्हाने मोल्डावाइटचा हिरवा रंग उडतो का?

---

जतनकर्ती | २२ जून, संध्याकाळी ५:३५

रंग उडत नाही. ही काच जवळजवळ दीड कोटी वर्षं टिकलेली आहे, उजेडाचं भय नाही. पण उन्हात किंवा हॅलोजनखाली ती तापते, दिवा बंद झाला की थंड होते. थेंबाच्या आकाराचे टेक्टाइट वितळलेल्या अवस्थेतून लवकर निवलेले असतात, आत ताण असू शकतो. रोजचं तापणं-निवणं टाळावं. एलईडी लावा, आणि पट्टी पेटीच्या बाहेर, म्हणजे आत उष्णता साचणार नाही.

उघडी फळी नको. कुलपाची काचेची पेटी. मावशींना आणि मुलाला मात्र पेटी दाखवा, आत काय आहे ते सांगा, भिंगातून बघू द्या. माझा अनुभव असा की ज्याने ती वस्तू एकदा जवळून पाहिलीय तो तिच्याजवळ गेला की आपोआप जपून वागतो.

शेपटीचा टेक्टाइट कधीही शेपटीवर तोलून ठेवू नका, दिसायला कितीही छान दिसला तरी. जाड पोटाला आधार द्या. पितळेच्या तारेचं स्टँड करून घेतलंत तर तारेवर पॉलिओलेफिनची नळी चढवा, पीव्हीसीची नको. तार शेपटीला लागता कामा नये. आणि हाताळताना सुती हातमोजे घालू नका. काच त्यातून सटकते आणि काट्यात धागा अडकतो, समुद्रकाठ यांच्याकडे झालं तसंच. टेक्टाइट कोरड्या स्वच्छ हाताने किंवा नायट्राइलच्या मोज्याने धरावा, टेबलावर जाड टॉवेल अंथरून, त्याच्यावर दोन-तीन इंचापेक्षा जास्त उचलू नये. उल्कापाषाणाला मात्र उघडा हात नको, घामात मीठ असतं.

---

बव्हेरियातून | २३ जून, पहाटे २:१०

म्युनिकला असतो. मोल्डावाइटचा विषय निघाला म्हणून लिहितो.

मी गेल्या वर्षी नॉर्डलिंगेनला जाऊन आलो. हे गाव चक्क विवरात वसलेलं आहे. रीस विवर साधारण २४ किलोमीटर रुंद. सुमारे १.४८ कोटी वर्षांपूर्वी तिथे आघात झाला आणि त्यातून उडालेली काच पूर्वेकडे दोनशे ते साडेचारशे किलोमीटर दूर आजच्या चेक देशात पडली. चर्चचा डॅनियल नावाचा मनोरा ज्या दगडाचा बांधलाय तो दगडही आघातातलाच, स्यूव्हाइट. मी वर चढून गेलो, सगळीकडे विवराची कड दिसत होती आणि खाली पिकं डोलत होती. १९७० साली अपोलोचे अंतराळवीर चंद्रावरचे खडक ओळखायला शिकण्यासाठी याच भागात आले होते.

तुमच्या काट्यांबद्दल एक गोष्ट. ते हवेत उडताना झालेले नाहीत. काच पडल्यावर लाखो वर्षं मातीतल्या पाण्याने तिचा पृष्ठभाग खात खात ते कोरलेत. बेसेद्निचेच्या मातीत हे कोरीवकाम सगळ्यात खोल झालं, म्हणून तिथले नग साळिंदरासारखे दिसतात. काट्यांच्या खोबणीत अजून थोडी माती अडकलेली असेल तर ती कृपया धुऊन काढू नका. ती माती म्हणजे त्याचं गाव आहे. धूळ बसली तर रंगकामाच्या मऊ ब्रशने, काट्याच्या दिशेने बुडापासून टोकाकडे. अल्ट्रासॉनिक क्लीनर नको. गरम पाणीही नको.

आणि मागून उजेड द्या. पुढून बघितला तर तो काळपट दिसतो. मागे दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणि त्यामागे मंद एलईडी ठेवला की आतले बुडबुडे आणि वळलेल्या काचेचे तंतू दिसतात.

---

कोयनाकाठ | २३ जून, सकाळी ८:५०

पाटणहून. आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे. १९६७च्या ११ डिसेंबरचा भूकंप आमच्या आईवडिलांनी पाहिलाय, आणि बारीक धक्के अजून अधूनमधून बसतात. मी फिलिपिनाइट (फिलिपिन्समधले टेक्टाइट) जमवतो, गोल गरगरीत, त्यामुळे ते घरंगळतात.

म्युझियम वॅक्स वापरून पाहिलं. फळीला नग पक्का बसतो खरा, पण फिलिपिनाइटच्या खोल खाचेत मेण गेलं ते काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आता मेण फक्त स्टँडच्या पायाला लावतो, नगाला नाही. नगाखाली पांढऱ्या पॉलिथिन फोमची ठोकळी, त्यात चमच्याने कोरून नगाच्या आकाराचा खळगा. घरंगळत नाही, आणि उचलायला सोपा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. जड लोखंड खालच्या फळीवर ठेवा. लोखंडी उल्कापाषाणाची घनता आठच्या जवळ असते, मूठभर तुकडा दीड-दोन किलो भरतो. तो वरून घसरला तर काचेची फळी आणि खालचे सगळे टेक्टाइट एकदम जातील. माझ्या मित्राकडे असं होता होता राहिलं. फळी ५ मिलिमीटरची होती आणि मधे वाकलेली दिसत होती.

---

वऱ्हाडी_माणूस | २३ जून, रात्री ९:२०

मी बुलडाण्याकडचा. लोणारला लहानपणापासून जातोय. तिथेही काच सापडते ना? ती टेक्टाइटमध्ये धरावी का? आणि संग्रहात ठेवायची तर कशी ठेवावी?

---

जतनकर्ती | २३ जून, रात्री १०:०५

दादा, लोणारची काच आघातातलीच, पण ती बेसाल्ट वितळून झालेली आणि विवराच्या परिसरातच राहिलेली आहे, म्हणून तिला टेक्टाइटमध्ये धरत नाहीत. विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसाल्टमधल्या अशा विवरांत ते फार मोलाचं मानलं जातं. त्यामुळे तिथून काहीही उचलू नका. २००० सालापासून तो परिसर अभयारण्य आहे, २०२०मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आलाय. तिथली काच तिथे राहिली तरच उद्याच्या अभ्यासकाला ती उपयोगी पडेल. तुम्ही शाळेतल्या मुलांना घेऊन तिथे जा आणि जागेवर दाखवा, यापेक्षा सुंदर प्रदर्शन कुठल्या पेटीत होणार नाही.

तुमच्या विदर्भातच २०१२च्या २२ मे रोजी काटोलला उल्कापाषाण पडला होता. असा नग कुणाला सापडला तर तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवायचा असतो, देशात पडलेल्या उल्कापाषाणांचं जतन त्यांच्याकडे आहे. तोपर्यंत कोरड्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून स्वच्छ डब्यात ठेवा, पाण्याने धुऊ नका. आणि चुंबक लावून बघू नका. जोरदार चुंबक टेकवला की दगडात जपलेली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते आणि ती परत मिळत नाही. याच कारणाने उल्कापाषाण चुंबकाच्या स्टँडवरही ठेवू नका.

---

समुद्रकाठ | २४ जून, सकाळी ६:३०

सगळ्यांचं वाचून काल रात्री दोन कागदांवर दोन आराखडे काढले. एक शंका राहिली. काम्पोचा गंज आधी काढू की आधी कोरडा करू? आणि त्याला मेण किंवा तेल लावू का? आमच्याकडे देव्हारा त्याच भिंतीला आहे, उदबत्ती आणि कापूर रोज लागतो. त्याने काही होतं का?

---

जतनकर्ती | २४ जून, सकाळी ११:१५

आधी कोरडा करा, आजच. पोळ्यांचा झाकणाचा स्टीलचा डबा नको, पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात भरपूर सिलिका जेल, नग त्याला न टेकता वर जाळीवर. आर्द्रता वीसच्या खाली जितकी नेता येईल तितकी. पुराणवस्तूंतलं गंजकं लोखंड आम्ही पंधराच्या आसपास ठेवायचो, कारण क्लोराइड असलेलं लोखंड वीस-पंचवीस टक्क्यांनाही हळूहळू खात राहतं. पेटी नंतर, आधी डबा.

कोरडा झाल्यावर सुटलेला गंज पितळी ब्रशने. सोडियम हायड्रॉक्साइडच्या (कॉस्टिक सोड्याच्या) सौम्य द्रावणात आठवडेच्या आठवडे ठेवून क्लोराइड बाहेर काढतात, द्रावण बदलत राहतात, आणि बाहेर आलेलं द्रावण नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून सिल्व्हर नायट्रेटने तपासतात. पांढरा साका येईनासा झाला की संपलं. हे घरी मुलाबाळांत करू नका. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर डोळा जातो. जवळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असतील, त्यांना विचारा. मला खात्री आहे त्यांना आनंदच होईल. आणि हे फक्त लोखंडी नगासाठी. दगडी उल्कापाषाण किंवा ऑलिव्हिनचे खडे असलेला पॅलासाइट यात बुडवू नये.

मेण किंवा तेल सगळ्यात शेवटी. आत ओलावा असताना वरून मेण लावणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. शेवटी लावायचं तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण, पातळ.

उदबत्तीच्या धुराची तेलकट काजळी सगळ्यावर बसते. मोल्डावाइटच्या खोबणीतून ती काढणं कठीण. कापूर आणि डांबराच्या गोळ्यांची वाफही बंद कपाटात नको. पेट्या दुसऱ्या भिंतीला घ्या. स्वयंपाकघराला लागून असलेलीही नको, आणि फ्रिजच्या वर तर मुळीच नको, तो दिवसभर थरथरत असतो.

अजून एक. वर्षातून एकदा प्रत्येक नगाचं वजन करा, सोनाराच्या काट्यावर, आणि तारखेसह वहीत लिहा. गंज चढला तर वजन वाढतं, खपल्या पडल्या तर कमी होतं. डोळ्यांना दिसायच्या आधी वही सांगते.

---

नदीकाठचा_गोटा | २४ जून, दुपारी १२:४०

वजनाची सूचना माझ्या वहीत गेली. लेबलबद्दल एक भर. नगाचं ठिकाण, वजन, कुणाकडून कधी घेतला, हे पेन्सिलीने लिहा, शाई ओलसर हवेत फुटते. काम्पोच्या बाबतीत खरेदीचे कागद जपा. अर्जेंटिनाने २००७ साली कायदा करून उल्कापाषाण सांस्कृतिक ठेव्यात आणले, त्यामुळे नग त्या देशातून कधी बाहेर पडला हे महत्त्वाचं आहे.

---

समुद्रकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ९:५०

गणपती नुकतेच होऊन गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि यंदा मी पहिल्यांदाच निश्चिंतपणे संग्रह दाखवला. काय काय केलं ते लिहितो.

सुताराचं शोकेस आता पुस्तकांना दिलं. उल्कापाषाणांसाठी अ‍ॅक्रिलिकची १२ लिटरची पेटी करून घेतली. न्यूट्रल सिलिकॉनसाठी दुकानदाराला तीनदा सांगावं लागलं. आत अर्धा किलो जेल, खोट्या तळाखाली. मिठाने तपासलं तेव्हा माझा मीटर तीन टक्के जास्त दाखवत होता, तेवढे वजा करून वाचतो. जुलैमध्ये बाहेर ९०, आत २२. दोनदा जेल तापवावं लागलं. ऑगस्टच्या शेवटी आत १९.

काम्पोचं काम इथल्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी हाती घेतलं. सात आठवडे लागले. दर आठवड्याला द्रावण बदलायला मी जायचो आणि तपासणीच्या वेळी नळीत पांढरा साका येतो का याकडे त्यांचे विद्यार्थीही डोळे लावून बसायचे. सहाव्या आठवड्यात अगदी पुसट आला, सातव्यात आला नाही. नंतर त्यांनी तो ओव्हनमध्ये सुकवला आणि मी पातळ मेण लावलं. एका कडेची नक्षी गेली ती गेलीच, पण घाम थांबलाय. वजन १८६.४ ग्रॅमवरून १८३.९ झालं. वहीत लिहिलं.

टेक्टाइटची पेटी वेगळी, खिडकीपासून लांबच्या भिंतीला. सहाही नगांना पॉलिथिन फोमचे कोरलेले खळगे. काटेरी मोल्डावाइट सगळ्यात कमी काटे असलेल्या बाजूवर टेकवलाय, मागे दुधी अ‍ॅक्रिलिक आणि बाहेरून एलईडी. कापूस घरात त्या खोलीत येऊच देत नाही.

कुपी त्याच्या शेजारी आहे. माझ्या पुतणीने, वय नऊ, विचारलं की हा एवढासा तुकडा वेगळा का ठेवलाय. मी खरं ते सांगितलं. मग तिने भिंग मागून घेतलं आणि तो कुठल्या काट्याचा ते स्वतः शोधून काढलं. डावीकडून तिसरा.

ताई, हॅलोजनच्या जुन्या खिळ्यांची भोकं भिंतीत राहिलीत, ती बुजवायला पांढरं सिमेंट चालेल ना? पेट्या त्याच खोलीत आहेत.

---

जतनकर्ती | १५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

डावीकडून तिसरा हे कुपीच्या लेबलवर लिहा, पुतणीचं नाव आणि तारीखही घाला.

पांढरं सिमेंट चालेल. पण घासताना धूळ उडेल, तेव्हा दोन्ही पेट्या आधी दुसऱ्या खोलीत हलवा. टेक्टाइटची पेटी हलवताना नग आत ठेवून उचलू नका, एकेक काढून टॉवेलवर घ्या.